थेल्माबाईंच्या चार स्प्रिंगा

थेल्माबाई पार्डोंनी एकतीस वर्षं स्प्रिंगा दाबल्या. इंग्लंडातल्या रेडिचमध्ये यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. त्या गावात एक घर सुयांच्या कारखान्यातलं, तर शेजारचं स्प्रिंगांच्या. पण थेल्माबाई बसायच्या तो शेवटचा काटा होता. वळून, भट्टीतून निघून, गार होऊन आलेली स्प्रिंग त्यांच्यापुढे यायची. त्या ती काट्यात धरायच्या, इंचभर दाबायच्या, किती पौंड लागले ते बघायच्या आणि हिरव्या टोपलीत टाकायच्या, नाहीतर लाल. दहा-बारा वर्षांनी तर काटा स्थिर व्हायच्या आधीच हात टोपलीकडे वळायचा, आणि वळायचा तो बरोबर टोपलीकडेच.

कागदावर मात्र त्या 'मदतनीस' होत्या. तपासनीस म्हणून तपकिरी डगला मिळायचा तो पुरुषांना. एकामागून एक तीन तरुण त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले, सहा-सहा महिने काम शिकले आणि डगला घालून त्यांच्याच डोक्यावर साहेब झाले. तिन्ही वेळा थेल्माबाई जिना चढून मॅनेजरच्या खोलीत गेल्या. तिसऱ्या वेळी मॅनेजर म्हणाला, "मिसेस पार्डो, खरं सांगायचं तर तुम्ही काट्यावर आहात म्हणून कारखान्याचं नाव आहे."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या," थेल्माबाई म्हणाल्या.

त्यानं दिलं नाही. त्या जिना उतरल्या आणि काट्यावर बसल्या. पण त्या दिवसापासून कुणी 'थेल्मा, हे जरा बघतेस का' म्हणून डगल्यातल्या साहेबाचं काम पुढे सरकवलं की त्या म्हणायच्या, "मी मदतनीस. मला कुठलं कळतंय." आणि चहा पीत बसायच्या. लोक त्यांना खडूस म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

त्र्याण्णव साली कारखाना बंद पडला. थेल्माबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी गेनर म्हणाली, समुद्राकाठी एखादं छोटं घर घे, खिडकीत बसून लाटा बघ. थेल्माबाईंनी मागवला गाडीचा सांगाडा. तिकडे ही एक हौसच आहे: नळ्या जोडून केलेला हलका सांगाडा, लांब नाक, दोन बैठकी, छप्पर नाही. भंगारातल्या एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन काढायचं, मागची आस काढायची, आणि घरच्या गॅरेजमध्ये आपल्या हातानं सगळं जुळवायचं. ही हौस पुरुषांची, तीही बहुतेक बायकोच्या तावडीतून सुटायला बघणाऱ्यांची.

"आई, गाडी हवी तर विकत घे ना सरळ," गेनर म्हणाली.

"विकतची गाडी दुसऱ्या कुणीतरी तपासलेली असते," थेल्माबाई म्हणाल्या.

दोन हिवाळे गेले. झाळणारा माणूस बोलवावा लागला तेवढाच. बाकी ब्रेकच्या नळ्यांपासून दिव्यांच्या तारांपर्यंत सगळं त्यांनी स्वतः केलं. चुकलं ते उकललं, पुन्हा केलं. आणि मंगळवारी संध्याकाळी त्या क्लबात जाऊ लागल्या. गावाबाहेरच्या पबच्या मागच्या खोलीत अशा गाड्या बांधणारे पंचवीस-तीस जण जमायचे, आणि वर्षातून चार वेळा स्टोनी लीझच्या शेतातल्या चढणीवर शर्यत भरवायचे. गाड्या एकेक करून वर सोडायच्या, घड्याळ लावायचं, ज्याचा वेळ कमी तो पुढे.

क्लबात शब्द चालायचा तो रॉडनी हिंगलीचा. गाड्यांच्या सामानाचं त्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता; कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर जेवणावरून उठून जायचा. पण एकदा तो बोलला की विषय संपला, असं त्याला वाटायचं, आणि बाकीच्यांनी ते त्याला वाटू दिलं होतं.

थेल्माबाईंची गाडी चाकांवर उभी राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्प्रिंगांची गोष्ट काढली. प्रत्येक चाकाला एक स्प्रिंग, आणि तिच्या पोटात डॅम्पर, म्हणजे तेल भरलेलं नळकांडं. स्प्रिंग नाचायला लागली की तिला आवरायचं काम त्याचं.

"सगळे एकच संच घेतात," हिंगली म्हणाला. "पुढे साडेतीनशेच्या, मागे सव्वादोनशेच्या, आणि त्याला जोडीचे डॅम्पर. माझ्या गाडीत तेच आहेत."

म्हणजे पुढची स्प्रिंग इंचभर दाबायला साडेतीनशे पौंड. थेल्माबाईंनी विचारलं, "माझ्या गाडीचं वजन किती, माहीत आहे तुम्हाला?"

"बाई, शर्यतीची गाडी म्हणजे कडक स्प्रिंग. मऊ हवं असेल तर सोफा बांधा."

खोली हसली. थेल्माबाईंनी संच घेतला. पुढे बरीच वर्षं त्या सांगायच्या की आयुष्यात मूर्खपणा खूप केला, पण स्वतःची लाज वाटली ती तेव्हा. कारण त्यांनी तो हातात धरला त्याच क्षणी हात लाल टोपलीकडे वळला होता.

मे महिन्यात त्या पहिल्यांदा चढणीवर उतरल्या. वर जाताना दुसरं वळण डावीकडे आहे, आणि बरोबर वळणात शेताचं पाणी जायला खोदलेला एक जुना चर बुजवलेला आहे. तिथे रस्त्याला आधी उंचवटा, मग खळगा. थेल्माबाईंची गाडी उंचवट्यावर आदळली, उडाली, खळग्यावर चाकं अधांतरी राहिली आणि खाली टेकली तेव्हा ती रस्त्याकडे तोंड करून नव्हती. सबंध गिरकी घेऊन ती गवतात गेली, आणि गवताच्या कडेला क्लबाचे लोक सँडविच खात उभे होते. कुणाला लागलं नाही. पुन्हा वर गेल्या तेव्हा सेहेचाळीस सेकंद लागले. अकरा जणांत अकराव्या.

हिंगली गाडीला फेरी मारून आला. "स्प्रिंगांत दोष नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सीटवर जी वस्तू बसवलीय तिच्यात आहे."

थेल्माबाईंनी मफलर सोडला, घडी केली, खिशात घातला. "ती वस्तू घरी जाऊन तपासते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या घराघरांतून न्हाणीघरातले वजनकाटे मागून आणले. नोरीन डॉयल मदतीला आली. ती कारखान्यात भट्टीवर होती आणि थेल्माबाईंची एकुलती एक म्हणावी अशी मैत्रीण होती. एका काट्याला एक चाक झेपेना, म्हणून दोन काट्यांवर एक फळी आणि फळीवर चाक. बाकीची तीन चाकं तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर. थेल्माबाई सीटवर बसल्या, कारण गाडी काही त्यांच्यावाचून पळणार नव्हती. नोरीन जमिनीवर पालथी पडून आकडे वाचत होती.

"यातला एक काटा मिसेस बेलिसचा आहे," नोरीन म्हणाली. "तो सात पौंड कमी दाखवतो."

"तुला कसं कळलं?"

"मी गेल्या वर्षी त्याच्यावर उभी राहिले आणि मला आनंद झाला."

थेल्माबाईंनी सात पौंड वाढवून लिहिले. मग गाडी जॅकवर चढवली, चारही स्प्रिंगा काढून टाकल्या आणि नुसता डॅम्पर जागेवर ठेवून पुढचं चाक इंचभर उचललं. डॅम्पर इंचभर दबला नाही. तो कलता बसवलेला होता, आणि चाकाच्या बराच आत; इंचाचा जेमतेम दोन-तृतीयांश दबला. हे थेल्माबाईंना अपेक्षितच होतं. अशा ठिकाणी स्प्रिंगेची घट दोनदा लागते, एकदा अंतरात आणि एकदा जोरात. स्प्रिंग साडेतीनशेची असली तरी चाकापाशी पोचतात दीडशेच्या आसपास.

"म्हणजे कमीच झाले की," नोरीन म्हणाली.

"कमी होऊनसुद्धा दुप्पट आहेत. बघ, चाक, ब्रेक, ही लोखंडं, हे सगळं रस्त्यावर असतं, ते वजन स्प्रिंगेवर नसतंच. ते वजा कर. पुढच्या एका स्प्रिंगेच्या डोक्यावर उरतात अडीचशे पौंड. एवढ्याशा ओझ्याखाली ही स्प्रिंग गाडीला सेकंदाला अडीच वेळा नाचवते. गुळगुळीत रस्त्यावर चालेल. शेतातल्या चढणीवर चाकानं रस्ता धरायचा कधी?"

"आणि हिंगलीचं कसं चालतं?"

"त्याच्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन आहे, स्वतः तो सतरा स्टोनांचा, म्हणजे शंभर किलोच्या वरचा आहे, आणि त्याच्या स्प्रिंगा वेगळ्या कोनात बसतात. त्याचं बरोबर आहे. त्याचे बूट त्याला बरोबर बसतात. ते मी का घालायचे?"

डॅम्परांतही खोट निघाली. थेल्माबाईंनी शर्यतीआधी प्रत्येक डॅम्परच्या दांड्यावर एक रबरी कडं सरकवून ठेवलं होतं. चाक जेवढं वर जाईल तेवढं कडं ढकललं जातं आणि तिथेच राहतं. त्या उंचवट्यावरसुद्धा कडं जेमतेम अर्धा इंच हललं होतं. शिवाय डॅम्पर लांबीला जास्त होते, आणि हलक्या गाडीखाली कडक स्प्रिंगा दबतच नव्हत्या. गाडी नुसती उभी असतानाच ते जवळजवळ पूर्ण ताणलेले असायचे. म्हणजे खळगा आला तर चाकाला खाली जायला वावच नव्हता. ते हवेत लोंबकळणार, दुसरं काय.

त्यांनी वहीत आकडे मांडले. पुढे एकशे ऐंशी, मागे एकशे तीस. डॅम्पर आखूड, हलक्या गाडीचे, आणि उभ्या गाडीत त्यांचा एक-तृतीयांशाहून थोडा जास्त दांडा चाकाला खाली जायला राखलेला.

डॅम्पर करणारी एक लहान कंपनी त्यांनी मासिकातून शोधली आणि फोन केला. पलीकडचा माणूस दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "मॅडम, जरा तुमच्या मिस्टरांना देता का फोन?"

"ते आठ वर्षांपासून स्मशानात आहेत," थेल्माबाई म्हणाल्या, "आणि होते तेव्हा त्यांना दिव्याचा बल्ब बदलता यायचा नाही. पेन्सिल घ्या, लांबी सांगते."

माणसानं पेन्सिल घेतली. शेवटी तो हळूच म्हणाला, "हे आकडे कुणी काढले?" थेल्माबाई म्हणाल्या, "मदतनिसानं."

स्प्रिंगांची गोष्ट मात्र अवघड होती. हव्या त्या मापाची तयार मिळेना. वळून देणारा गावात एकच उरला होता, कालव्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, फाटकांच्या आणि गवत कापायच्या यंत्रांच्या स्प्रिंगा करणारा लेन गँडरटन. तपकिरी डगल्याच्या तिघांतला दुसरा.

नोरीन म्हणाली, "त्याच्या दारात जाणार तू?"

"गिऱ्हाईक म्हणून जाणार. उधार मागायला नाही."

लेनला टक्कल पडलं होतं. थेल्माबाईंना दारात बघून त्यानं यंत्र बंद केलं आणि हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. त्यांनी कागद पुढे केला. त्यानं वाचला.

"हिंगली पुढे साडेतीनशेच्या लावतो," तो म्हणाला.

"मी हिंगलीला विचारायला आले नाही. तुला वळता येतात का, एवढंच विचारतेय."

"येतात. तार आहे माझ्याकडे." त्यानं कागदाची घडी घातली. "थेल्मा, त्या वेळी ते... मी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे सांगायला पाहिजे होतं की काटा तूच—"

"लेन, टोकं सपाट घासून दे. वाकडी टेकली तर परत आणीन."

आठवड्यानं त्यानं चारी स्प्रिंगा दिल्या तेव्हा काट्यावर त्या थेल्माबाईंनीच दाबल्या. लेन भिंतीला टेकून उभा होता. तीन बरोबर उतरल्या. चौथी आठ पौंडांनी कडक. थेल्माबाईंनी ती बाजूला ठेवली. लेन नवीन तार चढवायला लागला. पाचवी बरोबर आली. त्या निघताना तो म्हणाला, "तुझ्याकडून शिकलो, हे मी कुणाला सांगितलं नाही कधी."

"मला माहीत आहे," थेल्माबाई म्हणाल्या. "आता सांग हवं तर. गाव लहान आहे, पोचेल." त्यात माफी होती की नाही, हे लेनला कळलं नाही. थेल्माबाईंनाही नक्की सांगता आलं नसतं.

बातमी स्प्रिंगांच्या आधीच क्लबात पोचली. सप्टेंबरच्या शर्यतीपूर्वी थेल्माबाईंना पत्र आलं: सुरक्षा समितीच्या मते अतिमऊ स्प्रिंगांची गाडी वळणात कलते, सबब क्लबानं मान्य केलेला संच बसवूनच यावं. सुरक्षा समिती म्हणजे हिंगली आणि त्याचा मेहुणा. थेल्माबाईंनी पत्राच्या मागे लिहिलं, 'नियमाचा क्रमांक कळवावा', आणि परत पाठवलं. उत्तर आलं नाही. त्या गेल्या.

शर्यतीच्या सकाळी प्रत्येक गाडी तपासली जाते. त्यासाठी बाहेरून माणूस येतो. त्या दिवशी अँफलेट नावाचे एक सडपातळ, अबोल गृहस्थ आले होते. रांगेत थेल्माबाईंची पाळी आली तसा हिंगली पुढे झाला. त्यानं दोन्ही हातांनी गाडीचं नाक खाली दाबलं. नाक दबलं, वर आलं आणि तिथेच थांबलं.

"बघितलंत? लोणी आहे नुसतं," हिंगली म्हणाला.

"पुन्हा दाबा," थेल्माबाई म्हणाल्या. "एकदाच वर आलं आणि थांबलं. तुमचा डोळा चुकला असेल तर पुन्हा दाबा. दिवसभर दाबा. ही डॅम्परची परीक्षा आहे आणि ती माझ्या गाडीनं दिली."

"मिसेस पार्डो, चाळीस वर्षं मी गाड्या—"

"आणि मी एकतीस वर्षं स्प्रिंगा. गाड्यांत दरवाजे असतात, दिवे असतात, सीटवरच्या वस्तू असतात. माझ्यापुढे एकतीस वर्षं दुसरं काही आलंच नाही. पत्रात लिहिलंत तो नियम दाखवा."

भोवती माणसं जमली होती. हिंगलीनं अँफलेटकडे बघितलं. अँफलेटनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, शांतपणे पानं उलटली, एक परिच्छेद दोनदा वाचला. मग ते गुडघ्यांवर बसले, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं, टायर कुठे घासतो का बघितलं, प्रत्येक बोल्टला हात लावला. उठून पाटलोण झाडत म्हणाले, "नीट आवळलेलं असावं आणि कुठे घासू नये, एवढंच लिहिलंय. हे नीट आवळलंय आणि कुठे घासत नाही." आणि गाडीवर चिठ्ठी चिकटवली.

"काही झालं तर जबाबदारी तुमची," हिंगली थेल्माबाईंना म्हणाला.

"ती मे महिन्यातही माझीच होती. तुमची असती तर तुम्ही गवतात आला असता."

सकाळी रस्ता कोरडा होता. थेल्माबाई निघाल्या तेव्हा घाबरलेल्या होत्या. खोटं कशाला सांगा, आकडा चुकला असता तर सगळ्या परगण्यानं बघितलं असतं. पहिलं वळण. गाडी कलली, थोडीशी, आणि कललेलीच राहून वळली. दुसरं वळण आलं तसे त्यांनी पाय उचलायचा नाही असं ठरवून दात आवळले. उंचवटा चाकांखालून गेला. मग खळगा. चाकं खाली गेली, खळग्याच्या तळापर्यंत गेली, वर आली, आणि रस्ता एकदाही सुटला नाही. थेल्माबाईंना तो चर तळहातावरच्या रेघेसारखा लागला. वर पोचेपर्यंत त्या मोठ्यानं काहीतरी बोलत होत्या. काय, ते त्यांनी नोरीनलाही सांगितलं नाही.

एक्केचाळीस सेकंद आणि काही. मे महिन्यापेक्षा जवळजवळ पाच सेकंद कमी. हिंगली त्यांच्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं पुढेच होता; त्याच्या इंजिनात दुप्पट घोडे होते. पण दुपारी भुरभुर सुरू झाली. ओल्या रस्त्यावर हिंगलीची गाडी दुसऱ्या वळणात टणटण उडत आडवी गेली. त्यानं ती मोठ्या कौशल्यानं सावरली, पण वेळ गेला. थेल्माबाई पावसात त्याच्यापुढे सव्वा सेकंद होत्या. दिवसअखेर दोन्ही फेऱ्यांची बेरीज करून त्या अकरा जणांत चौथ्या आल्या.

बक्षीससमारंभ पबच्या त्याच मागच्या खोलीत झाला. तिसऱ्यापर्यंत नावं झाली, टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी एक छोटा चांदीचा पेला काढला आणि म्हणाले, "आणि आता आपला महिला चषक. अर्थातच, मिसेस पार्डो."

क्लबात दुसरी बाईच नव्हती. थेल्माबाई उठल्या. पुढे गेल्या, पण हात पुढे केला नाही.

"हा चषक मी मे महिन्यातही जिंकला असता," त्या म्हणाल्या. "गवतात बसून. मी या स्पर्धेत उतरलेच नव्हते. मी अकरा जणांच्यात उतरले होते आणि त्यात चौथी आले. यादीत चौथं नाव लिहा. बस झालं."

अध्यक्ष पेला हातात धरून उभे राहिले, ठेवायचा कुठे हे त्यांना समजेना. मग मागून हिंगलीच म्हणाला, "चौथी आलीय ती. लिहा." त्याचा आवाज काही गोड नव्हता. पण लिहिलं गेलं.

त्या हिवाळ्यात क्लबातले लोक एकेक करून वजनकाटे जमवायला लागले. त्यांच्यातला एक जण थेल्माबाईंच्या स्प्रिंगांचा आकडा मागायला घरी आला. त्यांनी त्याला आकडा दिला नाही, फळी आणि ठोकळे दिले. लेन गँडरटनच्या शेडमध्ये फाटकांपेक्षा गाड्यांचं काम वाढलं. हिंगलीनं साडेतीनशेचा संच दुकानात ठेवायचा सोडला नाही. मंगळवारी तो आणि थेल्माबाई समोरासमोर बसून वाद घालायचे, आणि दोघांपैकी कुणीही कधी हरलं नाही.

थेल्माबाई एकाहत्तराव्या वर्षापर्यंत चढणीवर जात राहिल्या. शेवटच्या वर्षी गेनर म्हणाली, "आई, आता तरी पुरे. लोक काय म्हणतील?"

"सातवी आली म्हणतील," थेल्माबाई म्हणाल्या. "बारा जणांत. तो पाना दे इकडे."